गळ आणि बिजागरी : बोगमाळोचे नौदल विमान संग्रहालय

सौंसर तहसिलीतून वाहणारी कन्हान पुढे वैनगंगेला मिळते, वैनगंगेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते आणि गोदावरी ते बंगालच्या उपसागराच्या स्वाधीन करते. संत्र्याच्या आणि कपाशीच्या मुलखातले पाणी असे शेकडो कोसांची वाट चालून समुद्रापर्यंत पोहोचते. तेथल्या माणसाला मात्र समुद्र दूरचाच राहतो. सौंसर-पांढुर्णा भागातील मराठी माणसाचे मोठे शहर म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटरवरचे नागपूर. बाजार, दवाखाना, कॉलेज, सारे तेथेच. त्या नागपुरात वायुसेनेच्या अनुरक्षण कमानचे मुख्यालय असल्यामुळे वायुसैनिकाचा निळसर गणवेश या भागात अनोळखी नाही. परंतु नौदलालाही विमाने असतात, ती जहाजावरून उडतात आणि पुन्हा जहाजावरच उतरतात, ही गोष्ट पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. पाहून ठाऊक असलेले थोडेच.

ती पाहण्याची सोय गोव्यात आहे. वास्को द गामा शहरापासून काही किलोमीटरांवर, दाबोळी विमानतळाला लागून, बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे. ते १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. सहलीसाठी गोव्यात आलेली कुटुंबे समुद्रस्नानाला जाता जाता तेथे तासभर थांबतात. मुले विमानांच्या पुढे उभी राहून छायाचित्रे काढून घेतात, वडील मंडळी पाट्यांवरची नावे मोठ्याने वाचतात आणि सारे किनाऱ्याकडे निघून जातात. यात वावगे काही नाही. परंतु विमान ही मूर्तीसारखी नुसती दर्शन घेण्याची वस्तू नव्हे. तिचा प्रत्येक अवयव कोणत्या तरी अडचणीवर शोधून काढलेला तोडगा असतो. अडचण कोणती होती हे समजले म्हणजे समोरचे मुके यंत्र बोलके होते.

या संग्रहालयाची जागाही इतिहासाशी जडलेली आहे. दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीजांनी १९५५ च्या सुमारास बांधली. गोवामुक्तीच्या मोहिमेत १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय वायुसेनेच्या कॅनबेरा विमानांनी याच धावपट्टीवर बॉम्ब टाकले. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पुढे हा विमानतळ नौदलाकडे आला आणि १९६४ साली नौदलाचे ‘हंसा’ हे ठाणे तामिळनाडूतील सुलूरहून येथे हलविण्यात आले. भारतीय नौदलाच्या विमानविद्येचे मुख्य पीठ तेव्हापासून दाबोळीलाच आहे.

संग्रहालयाच्या अंगणात उघड्यावर मांडलेल्या विमानांत सर्वांत आधी पाहण्याजोगे म्हणजे ‘शॉर्ट सीलँड’. त्याचा खालचा भाग होडीच्या तळासारखा आहे आणि त्यालाच चाकेही आहेत. पाण्यावर उतरावे, पाण्यावरून उडावे आणि वेळ पडल्यास जमिनीवरही टेकावे, अशी ही उभयचर जात. १९५३ च्या फेब्रुवारीत पहिले सीलँड कोचीनला येऊन पोहोचले, तेव्हा स्वतंत्र भारताच्या नौदलाला पहिल्यांदा स्वतःचे पंख फुटले. त्याच वर्षी मे महिन्यात कोचीनला ‘गरुड’ हे नौदलाचे विमानठाणे स्थापन झाले. आज सीलँड जातीची विमाने साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्यांतील एक बोगमाळोला आहे.

त्याच्या सोबतीला ‘फायरफ्लाय’ आहे. याचे काम ऐकून मुलांना गंमत वाटते. जहाजावरील तोफखान्याला नेमबाजीचा सराव हवा असे. परंतु सरावासाठी खरे विमान कोण पाडू देणार? म्हणून हे विमान आपल्या मागे लांब दोरावर कापडी निशाण ओढीत उडे आणि खालचे गोलंदाज त्या निशाणावर गोळे सोडीत. गोलंदाजाचा नेम थोडा पुढे सरकला तर काय होईल, याचा विचार वैमानिकाने करावयाचा नसे.

एच. टी. २ हे लहानसे शिकाऊ विमानही येथे आहे. मराठी माणसाने त्याच्यापाशी क्षणभर अधिक थांबावे. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली या विमानाचा आराखडा तयार झाला आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते प्रथम उडाले. घाटगे हे कोल्हापूर परिसरातले. जर्मनीतील गॉटिंगेन येथे वायुगतिशास्त्राचे थोर आचार्य लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती. भारतातच रेखाटलेले आणि भारतातच बांधलेले हे विमान पुढे कित्येक वर्षे नवशिक्या वैमानिकांची पहिली शाळा झाले.

ही झाली जमिनीवरून उडणारी विमाने. खरी कठीण विद्या यापुढची आहे. ती समजण्यासाठी एक साधा हिशेब मांडावा लागतो.

भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मुंबईला आली. तिची लांबी सुमारे २१३ मीटर होती. मोठ्या विमानतळावरची धावपट्टी दोन-तीन किलोमीटरांची असते; येथे सारे जहाज मिळूनही पाव किलोमीटर भरत नाही, आणि विमानाच्या वाट्याला त्यातलाही काही भागच येतो. शिवाय ही धावपट्टी स्थिर नाही. ती पुढे सरकते आणि लाटांबरोबर खालीवर होते. एवढ्याशा जागेवर विमान कसे उडावे आणि कसे उतरावे?

पहिला उपाय वाऱ्याचा. विमानाला उचलून धरतो तो त्याच्या पंखांवरून वाहणारा वारा. समजा, हवेत तरंगण्यासाठी एखाद्या विमानाला ताशी २०० किलोमीटरचा वारा हवा आहे. जहाजाने वाऱ्याकडे तोंड करून ताशी ४० किलोमीटरने धाव घेतली आणि समोरून २० किलोमीटरचा वारा येत असला, तर विमान जागेवर उभे असतानाच त्याला ६० किलोमीटरचा वारा फुकट मिळतो. उरलेला वेग तेवढाच कमवावा लागतो. म्हणूनच विमाने उडविण्याची वेळ आली की विमानवाहू जहाज प्रथम वाऱ्याकडे तोंड फिरवते.

दुसरा उपाय गोफणीचा. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभा असलेला शेतकरी गोफणीतून दगड भिरकावतो. हाताने फेकल्यापेक्षा तो कितीतरी दूर जातो. विक्रांतवर हेच काम वाफेच्या दट्ट्याने होत असे. विमानाचा धागा त्या दट्ट्याशी जोडीत आणि बॉयलरमधली कोंडलेली वाफ मोकळी सोडीत. अवघ्या दोन-तीन सेकंदांत विमान जहाजाच्या टोकापलीकडे हवेत फेकले जाई.

तिसरा उपाय उतरण्याचा, आणि तो सर्वांत धाडसाचा. विहिरीत पडलेली बादली काढण्यासाठी खेडोपाडी लोखंडी गळ सोडतात. तसाच एक गळ जहाजावरील विमानाच्या शेपटीखाली असतो. जहाजाच्या पृष्ठावर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. विमान टेकताना त्याच्या गळाने यांतली एक तार पकडावयाची. तारेची टोके खालच्या यंत्रांशी जोडलेली असतात. ती ताण देत देत सैल सुटतात आणि भरधाव आलेले विमान थोड्याच अंतरात उभे राहते. गळ चुकला तर? म्हणून चाके टेकताच वैमानिक इंजिन बंद करण्याऐवजी पुन्हा पूर्ण जोराने चालू करतो. तार सापडली तर ती विमानाला धरून ठेवते. न सापडली तर तेच बळ त्याला पुन्हा हवेत नेते. उतरण्याचा मार्ग जहाजाच्या लांबीला किंचित तिरका ठेवलेला असतो, त्यामुळे तार चुकलेले विमान पुढे उभ्या केलेल्या विमानांवर न आदळता समुद्राकडे निघून जाते. योग्य उतार सांभाळला आहे की नाही, हे वैमानिकाला आरशातल्या दिव्यांवरून कळते.

एवढे ध्यानात घेऊन ‘सी हॉक’पाशी यावे म्हणजे त्याचे अंगप्रत्यंग उलगडू लागते. शेपटीखाली पाहावे, तेथे गळ आहे. पंखांकडे पाहावे, त्यांना बिजागऱ्या आहेत. जहाजाच्या पोटात जागा थोडी, म्हणून पक्षी पंख मिटतो तसे हे पंख वर दुमडता येतात. जेट विमानाच्या शेपटीला धुराचे मोठे भोक असावयाचे, ते मात्र येथे दिसत नाही. इंजिनाचा तप्त झोत दोन बाजूंना विभागून पंखांच्या मुळाशी सोडलेला आहे आणि मागची जागा इंधनाच्या टाकीसाठी मोकळी ठेवली आहे. समुद्रावर उडणाऱ्याला इंधनाचा प्रत्येक घोट मोलाचा. परतीच्या वाटेवर उतरायला दुसरे गाव नसते. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट आर. एच. तहिलियानी यांनी असेच एक सी हॉक विक्रांतवर उतरविले. विक्रांतवर जेट विमान उतरविणारे ते पहिले भारतीय वैमानिक. पुढे ते नौदलप्रमुखही झाले.

शेजारी उभे असलेले ‘अलिझे’ दिसावयाला सी हॉकइतके देखणे नाही. पुढे पंखा, पोट फुगीर, आत तिघांची जागा. परंतु त्याचे काम शिकारी कुत्र्याचे. समुद्राखाली दडलेली पाणबुडी हुडकून काढावयाची. त्याच्या पोटातून रडारचा घुमट खाली उतरविता येई. पंखांखालच्या फुगवट्यांत पाण्यावर तरंगणारे ध्वनिग्राहक ठेवलेले असत. ते समुद्रात टाकले की पाण्याखालचा इंजिनाचा आवाज ऐकून विमानाला कळवीत.

या दोन विमानांची खरी परीक्षा १९७१ च्या डिसेंबरात झाली. कन्हानचे पाणी ज्या समुद्राला मिळते, त्याच बंगालच्या उपसागरात तेव्हा विक्रांत उभी होती. ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव येथे हल्ले केले. पुढच्या दिवसांत अलिझे विमानेही रात्री-अपरात्री बंदरांवर जाऊ लागली. पूर्वेकडील समुद्राची वाट बंद झाली आणि बांगलादेशातील पाकिस्तानी सैन्याला जलमार्गाने मदत मिळण्याची आशा उरली नाही. या यशामागची एक गोष्ट संग्रहालयातील लोखंड पाहून सहसा ध्यानात येत नाही. विक्रांतच्या एका बॉयलरला त्या वेळी तडे गेलेले होते. वर मांडलेला हिशेब येथे आठवावा. बॉयलर अधू म्हणजे जहाजाचा वेग कमी. वेग कमी म्हणजे फुकटचा वारा कमी. आणि विमान फेकणारी वाफही त्याच बॉयलरांची. अशा जहाजावरून विमाने उडविण्यात किती जोखीम होती, हे तो हिशेब जाणणाऱ्यालाच कळेल.

पश्चिमेच्या समुद्रावर मात्र दैव इतके अनुकूल नव्हते. ९ डिसेंबरला ‘खुकरी’ ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडविली. दुसऱ्या दिवशी सौराष्ट्र-कच्छच्या किनाऱ्यापलीकडे फिरणाऱ्या एका अलिझे विमानाला पाकिस्तानच्या स्टारफायटर या अतिवेगवान जेट विमानाने गाठले. अलिझेचा वेग त्याच्यापुढे बैलगाडीचा. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि एअरक्रूमन विजयन हे तिघे परत आले नाहीत. बोगमाळोच्या अंगणातील अलिझेच्या तीन आसनांकडे पाहताना ही नावे मनात असावीत.

पुढचे विमान ‘सी हॅरियर’. याच्याजवळ आले की आतापर्यंत शिकलेला पाठ उलटा होतो. गळ शोधावा तर गळ नाही. पंखांना बिजागऱ्या नाहीत. याच्या इंजिनाचा झोत चार तोट्यांतून बाहेर पडतो आणि त्या तोट्या मागून खालपर्यंत फिरविता येतात. झोत मागे सोडला की विमान पुढे जाते, खाली सोडला की जागच्या जागी तरंगते आणि अलगद उतरते. मग तारांची गरज काय? उडतानाही गोफण लागत नाही. जहाजाच्या टोकाला केलेल्या चढणीवरून धावत जाऊन ते हवेत झेप घेते. मधोमध एकामागे एक अशी मुख्य चाके आणि तोल राखण्यासाठी पंखांच्या टोकांना दोन लहान चाके, अशी याची ठेवण. पहिली सी हॅरियर विमाने १९८३ च्या डिसेंबरात दाबोळीला आली आणि २०१६ च्या मे महिन्यात तेथेच त्यांना निरोप देण्यात आला.

हेलिकॉप्टरांतही तीच युक्तीची परंपरा दिसते. हेलिकॉप्टरचा मोठा पंखा एका दिशेने फिरू लागला की खालचे धड उलट दिशेने फिरू पाहते. त्याला आवरण्यासाठी लांब शेपटी आणि शेपटीवर छोटा पंखा असतो. येथील ‘चेतक’ला तो आहे. रशियन ‘कामोव्ह २५’ला मात्र नाही. त्याने एकाच दांड्यावर दोन पंखे एकावर एक बसविले आहेत. ते परस्परांविरुद्ध फिरतात आणि धडाची ओढ आपोआप फिटते. लांब शेपटी गेली, म्हणून विनाशिकेच्या अरुंद कोठीत हे हेलिकॉप्टर मावले.

या सर्वांहून आकाराने थोर आहे चार इंजिनांचे आणि तीन शेपट्यांचे ‘सुपर कॉन्स्टेलेशन’. हे मूळचे लढाऊ नव्हेच. एके काळी एअर इंडियाच्या ताफ्यात राहून ते परदेशी प्रवासी नेत असे. मग ते वायुसेनेकडे आणि १९७६ साली नौदलाकडे आले, आणि उतारवयात त्याच्याकडे दूरवरच्या समुद्रावर पहारा करण्याचे काम आले.

आतल्या दालनांत बॉम्ब, टॉर्पेडो, तोफा, गणवेश, छायाचित्रे आणि जहाजांच्या प्रतिकृती मांडलेल्या आहेत. त्या प्रतिकृतींपाशी उभे राहिले की या संग्रहालयातील सर्वांत मोठी उणीव जाणवते. विमाने आहेत, ज्या जहाजांसाठी ती घडविली, ती जहाजे नाहीत. विक्रांत १९९७ च्या जानेवारीत सेवामुक्त झाली. मुंबईला ती काही वर्षे तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती आणि हजारो मुलांनी तिच्या पृष्ठावर पाय ठेवला. २०१२ मध्ये ते बंद झाले, २०१४ मध्ये जहाज भंगारात विकले गेले आणि मुंबईच्या दारूखान्यात ते तोडण्यात आले. तिच्या पोलादाचा काही अंश वितळवून एका कारखान्याने मोटारसायकलींच्या टाक्यांसाठी वापरला. सौंसरच्या बाजारातून धावणाऱ्या एखाद्या मोटारसायकलीत विक्रांतचा कण असेलही. परंतु त्या कणावरून कोणाला तार, गळ आणि गोफण समजणार नाही. ‘विराट’ २०१७ साली सेवामुक्त झाली. तिचे संग्रहालय सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर करण्याच्या योजनेला महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये संमती दिली होती. पण ते जमले नाही आणि २०२० मध्ये तीही अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी गेली. विक्रांतचे नाव २०२२ च्या सप्टेंबरपासून कोचीला बांधलेली नवी नौका चालवीत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु नाव पुढे चालले म्हणून जुनी वस्तू उरते असे नव्हे.

जहाज जपणे खर्चाचे असते, हे खरे. समुद्राचे पाणी तळाला दिवसरात्र खात असते. पण जमिनीवर ठेवलेल्या विमानालाही सुटका नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. त्यात खारा वारा. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि त्यातले कित्येक खिळे-बोल्ट पोलादाचे. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या ओलाव्यात राहिले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यांतला एक धातू झिजू लागतो. येथील ‘व्हँपायर’ जातीच्या विमानाचे तर पुढचे धड लाकडी थरांचे असते. त्याला ओल म्हणजे उघड शत्रू. रंगाचा एक हात चुकला की एका पावसाळ्यात दहा वर्षांचे वय वाढते. म्हणून येथल्या एखाद्या विमानाच्या अंगावर रंगाचे पोपडे दिसले तर पाहणाऱ्याने नाक मुरडण्यापेक्षा, हे यंत्र निवृत्तीनंतरही समुद्राशीच लढत आहे, हे ओळखावे. ती लढाई पैशाने आणि मनुष्यबळाने चालते. आणि या दोन्ही गोष्टी तेथेच लागतात, जेथे लोक येतात आणि विचारपूस करतात.

तेव्हा गोव्याला जाणाऱ्या कुटुंबाने या संग्रहालयासाठी तासाऐवजी अर्धा दिवस राखावा. ते सोमवारी बंद असते. वेळेची चौकशी आधी करून निघणे बरे. प्रथम सीलँड, मग सी हॉक, मग अलिझे आणि शेवटी सी हॅरियर, या क्रमाने पाहिल्यास अडचण आणि उपाय यांची साखळी नीट लागते. मुलांना विमानाचा वेग किंवा त्यावरची शस्त्रे सांगण्याआधी एवढेच विचारावे, की याचा गळ कोठे आहे आणि बिजागरी कोठे? ती शोधू लागली म्हणजे पुढचे प्रश्न तीच विचारतील.

समुद्र न पाहिलेल्या सौंसरच्या मुलाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. गोफण त्याच्या शेतातली आहे आणि गळ त्याच्या गावच्या विहिरीतला. त्याच्या कन्हानचे पाणी ज्या समुद्राला मिळते, तेथे एके काळी एक अधू बॉयलरचे जहाज वाऱ्याकडे तोंड करून उभे होते. ते जहाज आता नाही. त्याच्यावरून उडणाऱ्या जातीची विमाने मात्र बोगमाळोला आहेत, आणि ती अजून पाहता येतात.